‘३,५०० किलोपर्यंत काहीही ओढा’: ब्रिटनमधल्या ट्रेलरच्या फॉरवर्डला उत्तर

उन्हाळ्यात कॅरावॅनचे (कारमागे ओढायच्या चाकांवरच्या घराचे) बेत ठरू लागले, कुणी घर बदलायला काढलं, किंवा गणपतीच्या मखराचं सामान हॉलवर न्यायची वेळ आली की ब्रिटनमधल्या मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास वर येतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: ट्रेलरची परीक्षा २०२१ला रद्द झाली, आता कारचं लायसन्स असलं की ३,५०० किलोपर्यंत काहीही ओढा. लायसन्स १९९७च्या आधीचं असेल तर ८,२५० किलो, मग ते भारतातलं का असेना. ७५० किलोपर्यंत ब्रेक लागत नाही. ट्रेलर रिकामा असेल तर वजनाचा प्रश्नच नाही. आणि हे सगळं अख्ख्या यूकेला लागू.

पहिलं वाक्य खरं आहे. त्याच्या जोरावर बाकीची खपतात.

१६ डिसेंबर २०२१पर्यंत नियम असा होता: ज्यांनी १ जानेवारी १९९७ नंतर कारची परीक्षा दिली, त्यांना ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येई. त्याहून जड चालायचा, पण कार आणि ट्रेलर मिळून ३,५०० किलोच्या आत असले तरच. त्यापुढे ‘बी प्लस ई’ ही वेगळी परीक्षा होती. ती गेली आणि आता ३,५०० किलोपर्यंतच्या ट्रेलरची मुभा कारच्या लायसन्सवरच मिळते. त्यासाठी अर्जही करावा लागत नाही. कार्डाचं नूतनीकरण होईल तेव्हा नोंद आपोआप येते. ही परीक्षा का गेली, तेही लक्षात असू द्या. त्या वर्षी देशात लॉरीचालकांचा तुटवडा होता आणि त्यांच्या परीक्षांसाठी परीक्षक मोकळे करायचे होते. ट्रेलर ओढणं सोपं झालं, असं कुणी ठरवलेलं नाही.

मूळ घोळ ‘काहीही ओढा’ या दोन शब्दांत आहे. ३,५०० ही चालकाची मर्यादा झाली, गाडीची नव्हे. गाडीची मर्यादा तिच्या व्हीआयएन प्लेटवर, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाच्या पट्टीवर असते. ही प्लेट बहुधा दाराच्या चौकटीत किंवा बॉनेटखाली सापडते. तिच्यावर साधारणपणे चार आकडे असतात: भरलेल्या गाडीचं कमाल वजन, गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन, मग पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलची (चाकांच्या आसाची) मर्यादा. समजा पहिला आकडा १,७५० आणि दुसरा २,७५० आहे. म्हणजे माणसं आणि सामान घेऊन कार १,७५० किलोंची झाली, तर मागे १,००० किलोच उरतात. लायसन्सवरचे ३,५०० तिथे काही कामाचे नाहीत. कार हलकी असली म्हणून मागे हवं तेवढं वाढवता येतं असंही नाही, कारण मॅन्युअलमध्ये ओढण्याची वेगळी कमाल मर्यादा दिलेली असते आणि तीही पाळावी लागते. आणि दुसरा आकडा प्लेटवर नसेलच, तर त्या गाडीने ट्रेलर ओढायचा नाही. काही हायब्रिड आणि विजेच्या गाड्या ओढण्यासाठी मंजूरच नसतात. टोबार (ट्रेलर जोडायचा दांडा) बसवून देणारा कुणीतरी भेटेलही, म्हणून ती मंजूर होत नाही.

‘रिकामा असेल तर प्रश्नच नाही’ हे अर्धसत्य आहे. लायसन्सच्या हिशेबात ट्रेलरच्या प्लेटवरचं कमाल मान्य वजन धरतात, तो भरलेला असो वा रिकामा. गाडीच्या क्षमतेच्या हिशेबात मात्र त्या दिवशी काट्यावर भरेल ते वजन बघतात. त्यामुळे मोठा दोन अ‍ॅक्सलचा ट्रेलर रिकामा असताना मध्यम कारमागे कायद्यात बसू शकतो. पण रिकामा ट्रेलर भाड्याने आणायचा तो भरायलाच ना? कपाटं, वॉशिंग मशीन आणि पुस्तकांची खोकी चढली की तोच ट्रेलर कायद्याबाहेर जातो. शंका असेल तर सार्वजनिक वजनकाट्यावर चढवून बघा. पुस्तकांच्या वजनाचा डोळ्यांनी केलेला अंदाज हमखास चुकतो.

ब्रेकचं बोलायचं तर ७५० ही सगळ्यांना मिळणारी सूट नाही. बिनब्रेकचा ट्रेलर ७५० किलो किंवा रिकाम्या कारच्या वजनाच्या निम्मा, यांतला जो आकडा कमी असेल तिथपर्यंतच चालतो. १,०५० किलोंच्या छोट्या हॅचबॅकमागे तो ५२५ किलोंवर संपला. मॅन्युअलमध्ये याहून कमी दिला असेल तर तो धरायचा.

आता ८,२५०. हा आकडा खरा आहे, पण तो गाडी आणि ट्रेलर मिळून, आणि तोही ब्रिटनमधली कारची परीक्षा १ जानेवारी १९९७च्या आधी दिलेल्यांसाठी. भारतात १९९०ला काढलेल्या लायसन्सची तारीख इथे मोजत नाहीत. भारतीय लायसन्स इथे बदलून मिळत नाही. राहायला आल्यापासून १२ महिने त्यावर कार चालवता येते, मग इथली परीक्षा द्यावीच लागते आणि तारीख त्या परीक्षेची धरतात. एनएचएसमध्ये (इथल्या सरकारी आरोग्यसेवेत) आलेल्या जुन्या डॉक्टर मंडळींकडे ८,२५०चा हक्क खरोखर आहे. पण सत्तरीला नूतनीकरण करताना वैद्यकीय तपासणीचा फॉर्म जोडला नाही, तर तो हक्क जातो आणि साधा कारचा उरतो. शिवाय त्यांच्याही कारला व्हीआयएन प्लेट असतेच.

‘अख्ख्या यूकेला लागू’ हे सरळ चूक. बदल इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सपुरता आहे. उत्तर आयर्लंडमध्ये वेगळी परीक्षा अजून आहे.

या फॉरवर्डला उत्तर म्हणून कुणीतरी ‘कॅरावॅन कारच्या ८५ टक्क्यांहून जड असेल तर दंड होतो’ असं टाकतं. तेही बरोबर नाही. ८५ टक्के हा कॅरावॅनवाल्यांच्या क्लबांचा सल्ला आहे, कायदा नाही. नवशिक्याने तो पाळावा असं माझं मत आहे. मागची कॅरावॅन हेलकावे खाऊ लागली की हलकी कार तिला आवरू शकत नाही.

वजनाखेरीज आणखी काही नियम आहेत, आणि त्यांचा फॉरवर्डमध्ये उल्लेखही नाही. कॅरावॅन कारपेक्षा रुंद असेल तर मागचं दिसण्यासाठी कारला जादा आरसे लावावे लागतात. ते नसतील तर १,००० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर ३ पॉइंट. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर कमाल वेग ताशी ५० मैल, ड्युअल कॅरेजवे आणि मोटरवेवर ६०. तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर अगदी उजवीकडच्या लेनमध्ये जायचं नाही. ट्रेलरच्या मागे कारच्याच क्रमांकाची नंबरप्लेट हवी. आणि मुलं कंटाळली म्हणून त्यांना मागच्या कॅरावॅनमध्ये झोपवून नेता येत नाही. गाडी चालू असताना सगळ्यांनी कारमध्येच बसायचं.