डॅलसची शिंगल, श्रीवर्धनचं कौल

श्रीवर्धनजवळच्या आमच्या घराचं छप्पर बदलायचं, एवढ्यावर तिन्ही चुलत घरांचं एकमत झालंय. बदलून काय घालायचं, यावर मात्र ग्रुपवर रोज जुंपते. थोरले काका मंगळुरी कौलांवर ठाम आहेत, पुण्याच्या भावाला स्लॅब हवा, आणि धाकट्याने डॅलसच्या माझ्या घराचा फोटो टाकून विचारलं, "दादा, तुझ्यासारखी अमेरिकन शिंगल्सच लावली तर?" त्यावर काकांचा शेरा: "ते डांबरी कागदाचं छप्पर? चार पावसाळे काढेल."

मला दोघांचंही पटत नाही.

इथे जिला कॉम्पोझिट शिंगल म्हणतात ती म्हणजे काचतंतूंची पातळ चटई, तिला डांबराचा लेप आणि वर रुतवलेले दगडी कण. हे कण उन्हापासून डांबर वाचवतात. ते झडून पन्हळीत साचायला लागले की छप्पर म्हातारं झालं म्हणायचं. याच नावाखाली प्लास्टिकच्या मिश्रणातून ओतलेली, दगडी पाटी किंवा लाकडी फळी भासवणारी शिंगलही विकतात. ती दिसते झकास, पण डांबरीपेक्षा कितीतरी महाग, म्हणून कोटेशन मागताना नेमकी कुठली ते आधीच विचारून घ्यावं.

मी डांबरीच घेतली, पण क्लास 4 ची. उत्तर टेक्ससमध्ये वसंत ऋतू म्हणजे गारांचा मोसम. दोन इंच व्यासाचा पोलादी गोळा 20 फुटांवरून एकाच जागी दोनदा टाकतात. शिंगलला तडा गेला नाही तर तिला क्लास 4 मिळतो. त्यावर विम्याच्या हप्त्यात सवलत मिळते. ही सवलत देताना काही कंपन्या हळूच एक कलम घालतात: नुसते पोचे आले आणि गळती नसेल तर भरपाई नाही. सही करण्याआधी ते वाचावं. आणखी एक मेख म्हणजे गारा-वाऱ्याच्या नुकसानीतला आपला वाटा. तो बहुतेक पॉलिसींमध्ये घराच्या विमा रकमेच्या टक्क्यांत असतो. चार लाख डॉलरचा विमा आणि वाटा दोन टक्के, तर पहिले आठ हजार आपल्या खिशातून. गारा पडल्या की दुसऱ्या दिवशी दारात उभा राहणारा ठेकेदार "तो वाटा आम्ही सोडून देऊ" म्हणतो. 2019 च्या कायद्याने टेक्ससमध्ये तो गुन्हा आहे, तरी म्हणतो. शिवाय छपराचं काम करायला या राज्यात सरकारी परवानाच लागत नाही. एरवी कुंपणाच्या उंचीवरूनही नोटीस येते इथे!

पण खरी गोष्ट खिळ्यांत आहे. दोन थरांच्या शिंगलवर एक अरुंद पट्टी आखलेली असते, खिळा त्यातच बसला पाहिजे. दोन बोटं वर गेला तर तो एकच थर धरतो आणि उतारावर खालचा थर कधीतरी घसरतो. हवेच्या बंदुकीचा दाब जास्त असला तर खिळ्याचं डोकं चटई फाडून आत जातं. साधारणपणे एका शिंगलला चार खिळे, वाऱ्याच्या प्रदेशात सहा. हे सगळं वरून झाकलं जातं, खालून दिसत नाही. माझं छप्पर स्पॅनिश बोलणाऱ्या कामगारांच्या टोळीने सकाळी उपटलं आणि अंधार पडायच्या आत नवं घालून दिलं. जाताना चुंबकाचा रोलर हिरवळीवर फिरवून खिळे वेचले. जुन्या शिंगल्स कचरा डेपोत गेल्या.

म्हणजे हे छप्पर उभं आहे ते विम्यावर, अशा टोळ्यांवर आणि फेकून द्यायला असलेल्या जागेवर. यातलं श्रीवर्धनला काय आहे? शिवाय शिंगलला खाली सलग प्लायवूडची बैठक लागते. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, दमट हवा आणि वाळवी असलेल्या गावात, माळ्याला वारा नसेल तर ते प्लायवूड आतून कुजणार. कौलं रिपांवर नुसती टेकलेली असतात, फटींतून घर श्वास घेतं.

मग काका बरोबर? अर्धेच. "आपलं पारंपरिक कौल" म्हणताना ते विसरतात की मंगळुरी कौलांचा कारखाना बासेल मिशन या युरोपीय मिशनरी संस्थेने 1865 मध्ये काढला. त्याआधी कोकणात कौल म्हणजे कुंभाराचे अर्धगोल नळे. परकं म्हणून शिंगल नाकारायची, तर हिशेब तिथपर्यंत न्यावा लागेल. कौलाची खरी ताकद वेगळी आहे: एक फुटलं तर एकच बदलता येतं. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडात उडालेले पत्रे चुरगळून गेले होते, पण कौलांच्या ढिगातून धड कौलं वेचून लोकांनी घरं पुन्हा शाकारली. मात्र शाकारणीला वर चढणारा माणूस लागतो. काका पंचाहत्तरीत, आम्ही सगळे बाहेर, आणि गावात हे काम जाणणारे हात मोजकेच. घर वर्षातले बहुतेक महिने बंद. वानरांनी सरकवलेलं एक कौल मे महिन्यात कुणाच्या नजरेला पडलं नाही, तर सप्टेंबरपर्यंत खालचा वासा गेलाच.

स्लॅबचं तर बोलायलाच नको. गावात निम्म्या स्लॅबांवर गळतीपायी पुन्हा पत्र्याची शेड चढली आहे.

म्हणून मी ग्रुपवर लिहिलं: वासे तपासून घ्या, वर रंगीत पत्रा नीट स्क्रूने घट्ट बसवा, नुसत्या लोखंडी हुकांवर भागवू नका, आणि त्या पत्र्यावर रिपा मारून जुनी कौलं ठेवा. एखादं सरकलं तरी पाणी आत येणार नाही. काकांनी अंगठा दाखवला. पुण्याच्या भावाने स्लॅबचं नवं कोटेशन टाकलंय. त्यात वॉटरप्रूफिंगचा खर्च धरलेला नाही, तेवढं मी खाली लिहून ठेवलंय.