कोल्हापूरला येताय? आधी दूध प्या

शनिवार-रविवार आला की पुण्या-मुंबईकडच्या गाड्यांनी आमच्या पेठा भरून जातात. अंबाबाईचं दर्शन, एक मिसळ, दुपारी तांबडा-पांढरा रस्सा, जाता जाता चप्पल, आणि अंधार पडायच्या आत परत हायवे. आदल्या दिवशी मला ओळखीच्यांचे मेसेज येतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "सगळ्यात झणझणीत कुठं मिळेल?" दरवेळी मी दोन ओळीत उत्तर देते आणि नंतर चुटपुट लागून राहते. म्हणून आज बैजवार लिहितेय.

मी गंगावेशीत वाढले. माझ्या गावाची खरी चव कोणती असं विचाराल, तर मी तिखटाच्या आधी दुधाचं नाव घेईन.

महाद्वार रोडनं चालत पापाची तिकटी गाठा. (तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा. आमच्याकडं अशा बऱ्याच आहेत, पत्ता सांगताना त्यांच्याशिवाय पान हलत नाही.) तिथून गंगावेस हाकेच्या अंतरावर. दिवस मावळायला लागला की दूध कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहतात. गवळी तुमच्यासमोर धार काढतो. ग्लास फेसानं वर येतो, फेस खाली बसायच्या आत तो तोंडाला लावायचा. दूध कोमट असतं, कारण ते आत्ता म्हशीच्या अंगातून आलेलं असतं. साखर नाही, वेलची नाही, काही नाही. पहिल्यांदा पिणाऱ्याला वासाचं थोडं बिचकायला होतं. दुसऱ्या घोटाला ते जातं.

लहानपणी बाबा मला खांद्यावर बसवून न्यायचे. माझा ग्लास अर्धा, त्यांचा पूर्ण. पिऊन झालं की मिशीवरचा फेस पुसत ते म्हणायचे, "चल, आता रंकाळ्याला एक फेरी." शहर एवढं वाढलं, बाजारात पिशवीचं दूध आलं, १९६३ साली स्थापन झालेल्या आमच्या जिल्हा दूध संघाचं 'गोकुळ' तर मुंबईच्या घराघरांत गेलं, तरी भर वस्तीत म्हशी उभ्या करून धार काढून देणारा कट्टा टिकला आहे. मला याचं फार अप्रूप वाटतं. फोटो जरूर काढा, पण म्हशीच्या डोळ्यांवर फ्लॅश मारू नका. ती बिथरली तर धार आखडते, आणि मागं रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाचं दूध चुकतं.

हे दूध जायचं कुठं, तर तालमीत. या गावात पेठ आणि तालीम वेगळी काढता येत नाही. गंगावेस तालीम, शाहूपुरी, मोतीबाग ही नावं कुस्तीच्या जगात सगळ्यांना ठाऊक आहेत. पहाटे तांबड्या मातीत जोर, मग दूध, तूप आणि कुंडीत रगडलेली बदामाची थंडाई. मुलगी म्हणून मला आत जायला मिळालं नाही, पण शड्डूचे आवाज ऐकत मी शाळेची तयारी केली आहे.

या सगळ्याचं मोठं रूप बघायचं तर खासबाग मैदानात जा. शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण सोहळ्यासाठी इंग्लंडला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचं जुनं क्रीडागार पाहिलं, आणि १९१२ च्या सुमाराला इथं मातीच्या आखाड्याभोवती उतरत्या बैठकांचं मैदान उभं राहिलं. कुठंही बसा, मधली कुस्ती दिसते. त्याला लागून महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ चं. कुस्ती आणि नाटक शेजारी शेजारी असावं असं वाटणारा राजा आम्हाला लाभला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह आगीत सापडलं. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर उभी राहून रडणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांतल्या कित्येकांचा नाटकाशी संबंध फक्त प्रेक्षक म्हणून होता. कोल्हापूर फिरायला येणाऱ्यानं त्या वास्तूसमोर दोन मिनिटं उभं राहावं असं मला मनापासून वाटतं. मग शेजारी राजाभाऊंची भेळ खा.

आता तिखटाकडं येते.

कोल्हापुरात 'चटणी' म्हणजे ताटाच्या डावीकडची ओली चटणी नव्हे. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, कांदा-लसूण-खोबरं-तीळ आणि खडा मसाला भाजून, डंकावर कांडून आणलेलं वर्षाचं तिखट म्हणजे चटणी. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. त्यात भाजलेल्या कांद्याचा गोडवा असतो, खोबऱ्याचा तेलकटपणा असतो. ही चटणी पडलेला कट, म्हणजे मिसळीचा रस्सा, डोळ्यांत पाणी आणण्यासाठी केलेला नसतो. मिसळ खाताना आधी नुसता कट चमच्यानं प्या. आधी चव लागली पाहिजे, तिखट मागून आलं पाहिजे. उलटं झालं तर ती मिसळ फसली. महाद्वार रोडला चोरगे, मिरजकर तिकटीजवळ खासबाग, दोन्हीकडं जा आणि स्वतः ठरवा. सोबत स्लाइस ब्रेड येईल, पाव मागू नका. कट संपला की परत मागायचा, त्यात लाजायचं काही नाही.

तांबड्या-पांढऱ्याचंही तसंच. लोक तांबड्याचे फोटो टाकतात, पण स्वयंपाकिणीचा कस पांढऱ्यात लागतो. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस, काजू किंवा तीळ, थोडा खडा मसाला. आच जरा जास्त झाली की नारळाचं दूध फुटतं आणि सगळं वाया जातं. बघा, इथंही दूधच, नारळाचं का असेना. माझी आई म्हणायची, तांबडा कुणालाही जमतो, पांढऱ्याला हात लागतो. गेल्या वर्षी परगावी एका मोठ्या हॉटेलात 'कोल्हापुरी' नावाची भाजी मागवली. लाल रंग, वर बोटभर तेल, खाली नुसती मिरचीपूड. माझ्या मुलीनं एक घास खाऊन ताट सरकवलं आणि विचारलं, "आपल्या गावाचं नाव का दिलं याला?" मला उत्तर देता आलं नाही. ही पोस्ट लिहायला कारण तेच.

जेवणानंतर 'कॉकटेल' विचारलंत तर दारू मिळणार नाही. आइस्क्रीम, फळं, सुकामेवा असा उंच ग्लास पुढं येईल. पोरांना घेऊन जा. आणि संध्याकाळी गाड्यावरचा दावणगिरी लोणी डोसा. मूळचा तो कर्नाटकातला, पण लोणी म्हटल्यावर आम्ही त्याला आपला केला.

खरेदीबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाईनमध्ये पहिल्याच दुकानात घासाघीस सुरू करू नका. आधी चप्पल हातात घ्या. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या चामड्याला एक मातकट वास असतो. शिवण चामड्याच्या वादीचीच असते. कापशी, पुकरी, कचकडी, बक्कलनाळी असे प्रकार आहेत, नाव घेऊन मागा, दुकानदाराचा चेहरा बदलतो. नवी चप्पल सुरुवातीला चावते. तेल लावा, घरात थोडी थोडी घाला, आठ-पंधरा दिवसांत ती तुमच्या पायाची होते. पावसात घालू नका. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये तसल्याच चपला दाखवल्या, आधी कोल्हापूरचं नाव न घेता, तेव्हा सगळा महाराष्ट्र चिडला होता. तो राग खरा होता. पण चिडलेल्यांपैकी कितीजणांनी नंतर इथं येऊन, कारागिराला त्याची किंमत देऊन एक जोड घेतला? एका जोडामागं किती हात आणि किती दिवस जातात हे कळलं की दोनशे रुपये कमी करा म्हणायला जीभ रेटत नाही.

गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, साज आणि ठुशी हे दागिने बघा, घ्यायचे नसले तरी. कपिलतीर्थ मंडईत सकाळी चक्कर मारा. आणि बिंदू चौकात थांबा. तिथले महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे १९५० साली, म्हणजे बाबासाहेब हयात असताना, भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं बसले. रिक्षातून जाताना ते निसटतात.

शक्य असेल तर ९ ते ११ नोव्हेंबर किंवा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी यांत या. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात आणि ढग किंवा धुकं आडवं आलं नाही तर देवीच्या चरणांवरून वर सरकत जातात. गर्दीत आत जाता आलं नाही तर महाद्वाराबाहेर उभं राहून मागं वळून सूर्याकडं बघा. घंटा वाजतात, लोक हात जोडतात आणि काही मिनिटांत सगळं विझतं.

तिथून गंगावेशीला चालत दहा-पंधरा मिनिटं लागतात. त्या वेळी कट्ट्यावर धारा सुरू असतात.