‘एफ’चा ‘व्ही’ का होतो? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. इंग्रजी अनेकवचनांवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की इंग्रजी अनेकवचनाला एस किंवा ईएस लावायचा, उरलेले शब्द सरळ पाठ करायचे. मी जुन्या इंग्रजीचा इतिहास उगाळायची गरज नव्हती. शिवाय ‘शेवटी एफ असेल तर व्हीईएस’ हे माझं वाक्य चूक आहे.

चूक मान्य. रूफचं रूफ्स होतं, चीफचं चीफ्स. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण गंमत बघा, इतिहासाकडे नीट पाहिलं असतं तर मी चुकलोच नसतो! जुन्या इंग्रजीत एक लांडगा ‘वुल्फ’, अनेक लांडगे ‘वुल्फास’. लिहायचे एफच, पण अनेकवचनात तो मधे सापडला की उच्चार ‘व्ह’ व्हायचा. पुढे स्पेलिंगही उच्चाराच्या मागे गेलं आणि वुल्व्हज झालं. लीव्हज, वाइव्हज त्याच घरातले. चीफ, प्रूफ फ्रेंचमधून आले, त्यांना ही सवय लागली नाही. रूफ मात्र अस्सल इंग्रजी असून फितूर निघाला. तो पाठच करा.

चिल्ड्रेनमध्ये तर दोन अनेकवचनं एकावर एक बसली आहेत. आधीच ‘चिल्डर’ असं अनेकवचन होतं, त्यावर ऑक्सनमधला (ऑक्स म्हणजे बैल, त्याचं अनेकवचन) ‘एन’ चढवला. हे एकदा कळलं की ‘चिल्ड्रेन्स आर प्लेइंग’ लिहिताना हात थबकतो. नुसत्या पाठांतराने थबकतोच असं नाही, हे मी वह्या तपासताना पाहिलंय.

शीप बदलत नाही म्हणून तुम्ही वैतागलात. आपला दगड तरी कुठे बदलतो? एक दगड, चार दगड.

आणि ‘नुसता एस लावा’ हे लिहिण्यापुरतंच सोपं आहे. गळ्यावर बोट ठेवून कॅट म्हणा, मग डॉग. शेवटच्या ‘ट’ला गळा थरथरत नाही, ‘ग’ला थरथरतो. म्हणून कॅट्समध्ये ‘स’ ऐकू येतो, डॉग्समध्ये ‘झऱ्या’तला झ. ‘बस’ या शब्दाला तर अख्खा ‘इझ’ जोडावा लागतो.

राहता राहिलं ऑक्टोपाय, म्हणजे ऑक्टोपसचं अनेकवचन. शब्दकोशात आहे, मान्य. पण शब्द ग्रीक आणि शेपूट लॅटिन! ग्रीक वळणाने जायचं तर ऑक्टोपोडीज म्हणावं लागेल. मी आपला ऑक्टोपसेस लिहितो.