‘डिझाइनला विद्यापीठ कशाला, सॉफ्टवेअर शिकवा’ या संदेशाला उत्तर

परवा भाचीने मला एक संदेश पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, हे खरं असेल तर मी इतकी वर्षं कशाला घालवू?" त्याच आठवड्यात आमच्या अभ्यास मंडळाच्या बैठकीत एका सहकाऱ्याने तोच संदेश मोठ्याने वाचून दाखवला. वेब आणि ग्राफिक डिझाइनच्या पदवीचा नवा आराखडा ठरवायला आम्ही बसलो होतो. तासभर त्या संदेशावरच गेला.

संदेशाचं म्हणणं असं: टायपोग्राफी (अक्षरांची मांडणी), रेखांकन, डिझाइनचा इतिहास यांत वेळ वाया जातो, बाजारात चालतं ते सॉफ्टवेअर सहा महिन्यांत शिकवा. डिझायनरला कोड यायची गरज नाही. अ‍ॅक्सेसिबिलिटी, म्हणजे सुगम्यता, वेगळी शिकवू नका, साइट तयार झाली की एक प्लगइन, म्हणजे वरून जोडायचं तयार सॉफ्टवेअर, टाकलं की झालं. आणि आता एआय आलंय, तेव्हा उरलेलंही सोडून द्या.

मी आधी प्लगइनचा मुद्दा घेते. बाकीच्या मुद्द्यांवर विश्वास ठेवला तर नुकसान शिकणाऱ्याचं होतं. यावर ठेवला तर ज्याला दिसत नाही, ज्याचे हात थरथरतात, ज्याला माउस धरता येत नाही, अशा माणसाला फॉर्म भरता येत नाही, तिकीट काढता येत नाही. त्याने तर हा संदेश वाचलेलाही नसतो.

स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, पान वाचतो ते पानाच्या रचनेवरून. शीर्षक कुठलं, त्याखालचं उपशीर्षक कुठलं, या चौकटीत नाव लिहायचं की फोन नंबर, हे कोडमध्ये सांगितलेलं असावं लागतं. सांगितलं नसेल तर अंध माणसाला नुसतं "बटण, बटण, बटण" ऐकू येतं. ते बटण डिझायनरने कशासाठी ठेवलं होतं, हे नंतर चिकटवलेल्या प्लगइनला कुठून कळणार? ‘आमचं एआय साधन लावा, कुठलीही साइट सुगम्यतेच्या नियमांत बसेल’ असा दावा अ‍ॅक्सेसिबी नावाची कंपनी करत होती. ग्राहकांचं हित जपणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तो दिशाभूल करणारा ठरवून कारवाई केली आणि २०२५च्या जानेवारीत जाहीर झालेल्या तडजोडीत कंपनीला १० लाख डॉलर भरायचं मान्य करावं लागलं. म्हणजे संदेशात जो सल्ला आहे, तोच विकल्याबद्दल ही कारवाई झाली आहे.

आता वेब सुगम्यतेवर काम करणाऱ्या वेबएम (WebAIM) या संस्थेची पाहणी बघा. ही संस्था दर वर्षी दहा लाख साइट्सची मुखपृष्ठं तपासते. २०२४मध्ये त्यांतल्या ९५.९ टक्के पानांवर आपोआप सापडणाऱ्या चुका होत्या. सगळ्यांत जास्त पानांवर दिसलेली चूक कुठली? अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यातला अपुरा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक. ८१ टक्के पानांवर. हा दोष प्रोग्रामरच्या माथी मारता येत नाही. तो रंग डिझायनरने निवडलेला असतो, कोडची पहिली ओळ लिहिण्याच्याही आधी.

नियम साधा आहे. नेहमीच्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट हवा, मोठ्या अक्षरांना ३ : १. रंगाच्या कोडमध्ये सहा वेळा ९ लिहिलं की जो नाजूक करडा रंग मिळतो, तो विद्यार्थ्यांना फार आवडतो. पांढऱ्यावर त्याचा कॉन्ट्रास्ट २.८५ भरतो. सहा वेळा ७ लिहिलं तरी ४.४८, म्हणजे नापासच. हे मोजायला एक मिनिट लागतं. पण मोजायचं असतं हेच कोणी सांगितलं नसेल तर? अनेक अभ्यासक्रमांत हा विषय शेवटच्या सत्रात एका तासात उरकतात. मी बैठकीत हटून बसले की रंगाच्या पहिल्याच प्रात्यक्षिकात कॉन्ट्रास्ट मोजायचा आणि त्याला गुण ठेवायचे. माझं हे म्हणणं पटायला वेळ लागला, पण आराखड्यात ते आलं.

सॉफ्टवेअरच्या मुद्द्यात तथ्य आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. विद्यापीठं हलायला फार वेळ लावतात. टूलबॉक्समधल्या टूल्सची नावं लिहा, असा प्रश्न असलेली लेखी प्रश्नपत्रिका मी स्वतः पाहिली आहे. तिचं समर्थन मी करणार नाही. पण यावर उपाय म्हणून आणखी सॉफ्टवेअर शिकवा? वेबवर हलती चित्रं दाखवणारं फ्लॅश आठवा. १९९६मध्ये आलं, त्याच्यावर अख्खे कोर्स उभे राहिले, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी अ‍ॅडोबीने त्याचा आधार काढून घेतला. वेबसाठी चित्रं बनवायच्या फायरवर्क्स या सॉफ्टवेअरचंही पुढचं काम २०१३मध्ये थांबलं. उलट वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचं जगातलं पहिलं वेबपान आजच्या ब्राउझरमध्येही उघडतं. सीएसएस ग्रिड, म्हणजे वेबपान स्तंभ-ओळींत मांडायची कोडमधली सोय, २०१७मध्ये ब्राउझरांत आलं, तेव्हा ज्यांनी छापील पानाचा ग्रिड हाताने आखला होता त्यांना त्यातली स्तंभ, ओळी आणि गटर (त्यांच्यामधली मोकळी जागा) यांची भाषा ओळखीची होती. ज्यांना फक्त मेनू पाठ होते, ते नवा मेनू शोधत बसले.

टायपोग्राफी वाया जाते म्हणणाऱ्यांनी मराठी मजकूर असलेल्या साइट्स नीट बघाव्यात. रोमन लिपीसाठी ठेवलेलं अक्षरांमधलं जादा अंतर देवनागरीला लावलं की शिरोरेषा तुटते. दोन ओळींमधली जागा कमी पडली की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर आदळतो. पानाची भाषा मराठी असल्याचं कोडमध्ये लिहिलं नाही, तर अनेक फॉन्ट ल आणि श हिंदी वळणाचे दाखवतात, आणि स्क्रीन रीडर भलत्याच भाषेच्या आवाजात वाचू लागतो. हे कुठलंही सॉफ्टवेअर आपणहून सांगत नाही.

या उदाहरणात कोडचा मुद्दाही आलाच. डिझायनरने प्रोग्रामर व्हावं असं कोणी म्हणत नाही. एचटीएमएल (पानाची रचना सांगणारा कोड) आणि सीएसएस (पानाचं रूप सांगणारा कोड) हे त्याच्या कामाचं साहित्य आहे, ते हाताळता यायला हवं, एवढंच.

एआयबद्दल थोडक्यात. पहिला कच्चा मसुदा ते झटकन देतं, हे खरं. दहा मसुद्यांतला कुठला टाकायचा आणि का, हे शिकलेलं माणूसच सांगू शकतं.

भाचीला मी यातलं काहीच लिहिलं नाही. तिने स्वतःचा पोर्टफोलिओ एका तयार टेम्पलेटवर बनवला आहे. तिला म्हटलं, माउस बाजूला ठेव आणि नुसत्या टॅब कीने तुझ्या साइटवर शेवटच्या चित्रापर्यंत जाऊन दाखव. पाच मिनिटांनी तिचा फोन आला. मेनूत शिरता येत होतं, बाहेर पडता येत नव्हतं.