आधी काय गाळायचं ते ठरवा

‘आशय पक्का असला की पद्धत आपोआप सुचते’ असं शिकवण्याविषयीच्या एका लेखात वाचलं, पटलं नाही. विषय येणं वेगळं, तो शिकवता येणं वेगळं. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्येच हे मांडलंय.

इंदूरच्या मराठी वर्गांचंच घ्या. हिंदी शिकणाऱ्या मुलांना देवनागरी येतेच, बाराखडी कशाला गिरवायची? ‘ळ’ तेवढा घटवून घ्या. खरी गोची सामान्यरूपाची, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं रूप बदलतं त्याची. हिंदीच्या वळणाने मुलं ‘झाडला पाणी घाल’ म्हणतात. अख्खा तक्ता दिला तर पाठ होतो, बोलताना आठवत नाही. तासाला एकच नियम, पाच-सहा शब्द: झाड-झाडाला, घर-घराला. सांगणं दहा मिनिटं, उरलेला वेळ मुलांनी बोलायचं. ‘घोडा-घोड्याला’ पुढच्या तासाला, तेही आधीचे शब्द वहीत न बघता विचारून झाल्यावर. खेळ जरूर घ्या, पण सामान्यरूप वापरल्याशिवाय डाव पुढे सरकणार नाही असाच. एरवी नुसता गोंगाट होतो.