बीपीची गोळी वाढवण्याआधी झोपेचं विचारा

पडल्या पडल्या घोरायला लागणाऱ्या माणसाला आपण नशीबवान म्हणतो. "कसा ढाराढूर झोपलाय बघा!" हे कौतुक आता थांबवायला हवं, असं मला फार मनापासून वाटतं.

घोरता घोरता आवाज अचानक बंद होतो. छाती-पोट हलत असतं, पण हवा आत जात नाही. मग गुदमरल्यासारखा हिसका बसतो आणि श्वास सुरू होतो. असं होत असेल तर ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाची शंका घ्यायलाच हवी. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे पडते आणि श्वासाची वाट मिटते. किमान 10 सेकंदांचा अडथळा मोजणीत धरतात. तासाला 30 किंवा जास्त अडथळे आले तर आजार तीव्र. म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा, रात्रभर!

प्रत्येक वेळी रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू माणसाला अर्धवट जागं करतो, नाडी धावते, बीपी चढतं. एरवी झोपेत बीपी 10 ते 20 टक्के उतरतं, हृदयाला तेवढाच विसावा. या लोकांना तोही नाही. तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी न उतरणाऱ्यांमध्ये हा आजार वारंवार सापडतो, तो यामुळेच. पक्षाघात, अनियमित ठोके, वाढती शुगर यांच्याशीही त्याचा संबंध आहे.

रात्री पुन्हा पुन्हा लघवीला उठावं लागतं, त्याचं खापर आपण प्रोस्टेटवर नाहीतर शुगरवर फोडतो. पण बंद घशातून श्वास ओढताना छातीत जी ओढ बसते, तिने हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. शरीरात पाणी जास्त झालंय असं समजून हृदय लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतं. हे किती जणांना माहीत आहे?

फेब्रुवारी 2022 मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचं मुंबईत निधन झालं, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं. चार दिवस चर्चा झाली, मग सगळं थंड.

बायकांचे हाल वेगळे. पाळी गेल्यावर धोका वाढतो, पण थकवा, सकाळची डोकेदुखी, तुटक झोप या तक्रारी "वय झालं, टेन्शन घेते" म्हणून निकालात निघतात. आणि घोरते हे सांगायची तिलाच लाज! सडपातळ माणसांनाही हा आजार होतो, जबडा लहान असला तरी पुरतं.

माझं म्हणणं एवढंच की, बीपीच्या प्रत्येक रुग्णाला झोपेबद्दल विचारलं जावं आणि शेजारी झोपणाऱ्यालाही आत बोलवावं. ज्याचा श्वास अडकतो त्याला बहुतेक वेळा पत्ताच नसतो. फोनवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांना दाखवा. स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन मोजणारी तपासणी, बऱ्याच जणांची आता घरीही होते. दारू आणि मनानेच घेतलेल्या झोपेच्या गोळ्या घसा आणखी सैल करतात, त्या आधी बंद. उपचारात अनेकदा सीपॅप देतात, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन. "मास्क लावून कोण झोपणार?" हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. सीपॅपचा मास्क सुरुवातीला टोचतो, नकोसा होतो, हे खरंच आहे. तेव्हा मशीन कपाटात टाकू नका, मास्कचं माप बदलून मागा.