साडेसदतीस क्विंटलची लेन्स

निसर्गाचे फोटो काढायला कुठली लेन्स घ्यावी, हे मराठवाड्यात बसून पुण्या-मुंबईच्या माणसाला विचारू नये. उत्तर ठरलेलं असतं: "वाइड." म्हणजे एका फोटोत खूप रुंद मुलूख मावणारी लेन्स. विचारणारी अंबाजोगाईची आहे की अलिबागची, याची चौकशी कुणी करत नाही. फोटोवाल्यांच्या एका ग्रुपवर मी हा प्रश्न रात्री टाकला आणि सकाळपर्यंत सल्ल्यांचा पाऊस. १६-३५ घ्या (हे आकडे मिलिमीटरचे; जितका लहान तितकी लेन्स रुंद). १४-२४ घ्या, पण तिची काच फुगीर असते, साधा फिल्टर बसत नाही. तुमचा कॅमेरा क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरचा ना? मग आकड्याला दीडनं गुणा आणि १०-२० घ्या. एका सद्गृहस्थांनी आधी बजेट विचारलं आणि ते ऐकून मोबाइलवरच फोटो काढत जा, असं प्रेमानं सुचवलं.

या जाणकारांचं एक पवित्र त्रिकूट आहे: १६-३५, २४-७० आणि ७०-२००, तिन्ही एफ २.८. तिन्ही बॅगेत असल्या की माणूस मोक्षाला लायक झाला. त्यातल्या एकट्या ७०-२०० चं वजन किलो-दीड किलो आणि किंमत दोन लाखांच्या घरात. हा आकडा मी घरात जेवताना सांगितला, तोही सगळ्यांना वाढून झाल्यावर. शेती भाऊजी बघतात. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि डोळे मिटले.

"साडेसदतीस क्विंटल," ते म्हणाले.

"काय साडेसदतीस?"

"सोयाबीन, वहिनी. हमीभावानं. ५३२८ नं. आडतीवर चार हजारानं मागितलं तर पन्नास. आन् पाण्यानं आवंदा रानात ठेवलंय काय?"

तेव्हापासून आमच्या घरात कॅमेऱ्याचं सामान क्विंटलात मोजतात. ट्रायपॉड चार क्विंटलचा. फिल्टर अर्ध्या क्विंटलचा. आत्याबाई शेजारणीला सांगत होत्या, "सोनं कपाटात ठेवलंय अन् गळ्यात दहा क्विंटल लटकवून हिंडते."

भाऊजींचा हिशोब सोडा, पण एफ २.८ चं हे वेड मला पटतच नाही. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेडाचं छिद्र; एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं. ते तेवढं उघडलं की कमी उजेडात काम भागतं आणि मागचं सगळं धूसर होतं. लग्नात ते पाहिजेच. नवरीच्या मागं उभा असलेला बिसलेरीचा खोका धूसर झालेलाच बरा. डोंगराच्या फोटोत मागचं धूसर करून काय मिळवायचं? मागं डोंगरच तर आहे. हे फोटो कॅमेरा ट्रायपॉडवर लावून एफ ८ ते एफ ११ वर काढतात. म्हणजे २.८ चे पैसे मोजायचे, तिचं वजन खांद्यावर वाहायचं आणि ती कधी पूर्ण उघडायचीच नाही. एफ ४ ची लेन्स निम्म्या वजनात, बरेचदा निम्म्या पैशात मिळते. हे ग्रुपवर लिहिलं तर एकानं मला दुसऱ्या टोकाला ढकललं: एफ २२ ठेवा, अमेरिकेतले निसर्गछायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सच्या मंडळींनी तर १९३२ मध्ये आपल्या गटाचं नावच एफ ६४ ठेवलं होतं. ठेवलं असेल! त्यांच्या कॅमेऱ्यात आठ बाय दहा इंचांची निगेटिव्ह जायची. माझ्या बोटभर सेन्सरवर एफ २२ लावलं की बारीक छिद्रातून उजेड फाकतो आणि अख्खा फोटो मऊ पडतो.

तरी वाइड मी वापरून पाहिलीच. गावात लग्नाचे फोटो काढणारा एक पोरगा माझा जुना विद्यार्थी. त्यानं हक्कानं दिली. गावाबाहेर पडलं की बालाघाटाची रांग दिसते. नुसत्या डोळ्यांना ती चांगली भारदस्त वाटते. १० मिलिमीटरमधून तीच रांग फोटोत आली, पण शोधावी लागली. खाली ढेकळं, वर आभाळ आणि मधे एक बारीक रेघ. त्या रेघेला बालाघाट म्हणतात हे मला आधीच माहीत होतं म्हणून ठीक.

मी शाळेत भूगोल शिकवते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले, त्याचं हे बेसॉल्टचं पठार झालं, म्हणून आपले डोंगर माथ्याला सपाट, हे दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. पोरं लिहून घेतात, पाच मार्क मिळवतात आणि विसरतात. मला मात्र त्या सपाटीची शिक्षा वाइड लेन्समधून भोगावी लागते.

वाइडवाल्यांकडे यावर औषध आहे: "फोरग्राउंडला काहीतरी ठेवा." कोकणात समोर खडक, होडी, ओली वाळू असं देवानं मांडूनच ठेवलंय. मार्च महिन्यात आमच्या रानात समोर काय असतं? पऱ्हाट्या, गुंडाळलेल्या ठिबकच्या नळ्या आणि खताची रिकामी गोणी. जानेवारीत करडई फुलते तेव्हा वाइडचं नशीब उघडतं, ते मी नाकारणार नाही. करडईच्या काट्यांत गुडघे टेकून लेन्स फुलाच्या पुढ्यात नेली की फोटो झकास येतो. फक्त जवळचं फूल आणि लांबचा डोंगर दोन्ही खणखणीत हवेत, तर हायपरफोकल अंतर धरावं लागतं. १८ मिलिमीटर आणि एफ ११ ला माझ्या कॅमेऱ्यात ते दीड मीटर भरतं. तेवढ्यावर फोकस बांधला की पाऊण मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. पण काट्यात टेप कोण धरणार? नवऱ्याला उभं केलं.

"थोडं मागं सरका. अजून. आता हलू नका." फोकस बांधला. "झालं. आता बाजूला व्हा."

"फोटो?"

"तुमचा नाही काढायचा."

परतताना ते गाडीत एक अक्षर बोलले नाहीत. पँटला करडई लागली होती.

ट्रायपॉडची कहाणी याहून मोठी आहे. पावसाळ्यात काळ्या रानात तो रोवला की तिन्ही पाय आपापल्या मर्जीनं खाली जात राहतात. अर्ध्या मिनिटाचा एक्स्पोजर असला तर सुरुवातीला सरळ असलेलं क्षितिज संपेपर्यंत उतरणीला लागतं. उपसून काढावा तर प्रत्येक पायाला किलोभर चिखल. हलका म्हणून कार्बन फायबरचे दुप्पट पैसे घेतात, ते हलकेपण आमच्या मातीत चार पावलंही टिकत नाही. उन्हाळ्यात त्याच जमिनीला भेगा पडतात आणि एक पाय त्यात वीतभर उतरतो.

पण मातीशी जमवून घेता येतं. माणसांचं काय करायचं? तीन पायांवर काहीतरी उभं केलंय आणि बाई एक डोळा मिटून त्यातून बघतेय, याचा आमच्याकडे एकच अर्थ निघतो: मोजणी. त्यात शक्तिपीठ महामार्गाच्या बातम्या आल्यापासून तर बघायलाच नको. एका सकाळी मी जेमतेम कॅमेरा बसवला, तोच बांधावरून एक काका आले. मागं दोघं, त्यांच्यामागं कुत्रं.

"कोणत्या हापिसाचे म्हणायचे?"

"हापिसाचे नाही, काका. फोटो काढतेय."

"कशाचा?"

"डोंगराचा."

त्यांनी वळून डोंगराकडे पाहिलं. कालपर्यंत होता तसाच होता. "त्याचा? कामून?"

या प्रश्नाला कुठल्याही लेन्सच्या माहितीपत्रकात उत्तर दिलेलं नाही.

"गट नंबर लिहून घेतला का?"

"नाही हो."

"खुटी ठोकली का कुठं?"

"काका, खरंच सरकारी काही नाही."

मदतीला नवरा धावला. "अहो, मॅडम शाळेत भूगोल शिकवतात."

"म्हंजे नकाशाच की!" काकांनी मागच्या दोघांकडे वळून सांगितलं. कुत्रंही भुंकलं.

शेवटी मी कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढं धरला. त्यांनी टोपी मागं सारून बराच वेळ बघितलं. "हे आमचंच रान? लई चांगलं दिसायलंय." मग चहा झाला, शेंगा झाल्या, माझा नंबर लिहून घेतला गेला. उजेड तोवर पांढराफटक पडला होता, पण त्याचं दुःख चहासमोर कसं करणार?

फिल्टरांच्या वाट्याला मी उशिरा गेले. पोलरायझर बोटानं फिरवायचा असतो. पानांवरची चकाकी जाते, आभाळ गर्द होतं. पण गर्द होतं ते सूर्याच्या काटकोनातलं, आणि वाइडमध्ये आभाळ इतकं मावतं की त्यातला एकच पट्टा काळा-निळा आणि दोन्ही बाजू फिकट. असा एक फोटो मामांना दाखवला. सासरे आमचे कधी फोटोबद्दल बोलत नाहीत, पण त्या दिवशी चष्मा लावून खुर्चीत सरसावून बसले. "हे कुणीकडचं आभाळ? पाऊस भरून आलाय. पडला का तिकडं?" फिल्टरमुळं तसं दिसतं असं सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढला. असल्या बाबतीत माणसाला फसवू नये, एवढंच म्हणाले.

एनडी फिल्टर म्हणजे काळी काच. दहा स्टॉपची घेतली तर उजेड हजारपट कमी होतो आणि एक तीसांश सेकंदाचा फोटो अर्धं मिनिट चालतो. तेवढ्यात धबधब्याचं पाणी रेशमी होतं. त्यासाठी आधी धबधब्याला पाणी लागतं. सौताड्याला विंचरणा नदी दरीत उडी घेते, कपिलधारला धार पडते, नळदुर्गात बोरी नदी भरली की पाणीमहालाच्या बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे कोसळतात. हे सगळं बघायला मिळतं ते पावसाच्या मेहरबानीवर, आणि मिळतं तेव्हा सगळा जिल्हा तिथं असतो. पाणी नवं, गढूळ. रेशमी होण्याऐवजी त्याची बासुंदी होते. लांब एक्स्पोजरमध्ये हलणारी माणसं फोटोत उमटतच नाहीत असं तज्ज्ञ सांगतात, ते खरंही आहे. पण आमची पोरं सेल्फीला उभी राहिली की हलत नाहीत ना! सौताड्याच्या माझ्या फोटोत येणारे-जाणारे सगळे नाहीसे झालेत. कठड्यावर फक्त एक पोरगा उरलाय, गॉगल लावलेला, दोन बोटं वर केलेला.

धुळीबद्दल एवढंच, की वाऱ्यात लेन्स बदलू नये. बदललीच तर ब्लोअर जवळ हवा. नाहीतर एफ ११ वर आभाळात ठिपके दिसतात आणि घरातले विचारतात, घारी आहेत का.

माझं मत विचाराल तर मराठवाड्यात आधी टेली, म्हणजे लांबचं जवळ ओढणारी लेन्स, घ्यावी. आमचा मुलूख जवळ येऊन गळ्यात पडणारा नाही. तो लांब, थराथरानं बसलेला असतो. हिवाळ्यात सकाळी धुई असताना घाटमाथ्यावरून १५०-२०० मिलिमीटरनं बघा, एकामागं एक डोंगराच्या कडा फिक्या होत जातात, मधे एखादं एकटं लिंबाचं झाड. देवगिरीचा तो सुळका जेमतेम दोनशे मीटरचा, पण आजूबाजूला एकटाच उभा असल्यानं खुलताबादच्या वाटेवरून टेलीनं ओढला की फोटोभर होतो. वाइडमध्ये त्याची पुटकुळी होते. राजा दीनदयाळ १८८० च्या दशकात निजामाच्या मुलखातलं दौलताबाद आणि वेरूळ टिपत होते, तेव्हा काचेच्या प्लेटा घेऊन हिंडावं लागायचं आणि झूम नावाची सोय नव्हती. पुढं-मागं स्वतःलाच चालावं लागायचं. फोटोंवरून वाटतं, की चालले असावेत भरपूर.

मी एक वापरलेली ५५-२५० घेतली. मागून टॉर्च मारून आत बुरशी नाही ना ते पाहिलं, झूमची रिंग फिरवून पाहिली. वजन चारशे ग्रॅमही नाही. भाऊजींना किंमत सांगितली तेव्हा त्यांनी डोळेसुद्धा मिटले नाहीत. "तीन क्विंटल. घ्या, वहिनी."

या लेन्सनं काढलेला पहिला चांगला फोटो त्या काकांच्याच शिवाराचा. टेकडीवर चढून काढलेला: खाली रानांच्या पट्ट्या, मधून बांध, मागं डोंगर. मी तो त्यांना पाठवला. आठवड्यात फोन आला.

"मॅडम, तो फोटो मोठा करून पाहिजे. दोन फुटाचा."

मला भरून आलं. "फ्रेम करून देते, काका. भिंतीवर छान दिसेल."

"फ्रेम नको. तहसीलला लावायचाय. शेजाऱ्यानं बांध कोरलाय, त्याच्यात चोख दिसायलंय."

मी घाबरून समजावलं: फोटो फार लांबून काढलाय, लांबून काढला की मागचं-पुढचं अंतर दबतं, पट्ट्या एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात. तुमचं रान आहे त्याहून अरुंद आलंय. पुरावा म्हणून हा फोटो उलट तुमच्यावरच यायचा.

पलीकडे जरा वेळ विचार चालला. "मग रुंद दिसायला काय लागतं?"

"वाइड लेन्स. आणि जवळून काढावं लागतं."

"मग तसल्यानं काढा की. उद्या सकाळी येता का? अन् ते तीन पायाचं संगं आणा. शेजाऱ्याला वाटंल, मोजणी आलीय."